साडेतीन तासांचे आठ तास : पॉर्क्युपाइन रिम ट्रेलवरचं एक प्रकरण

आधी आकडे. डोंगरी सायकलींच्या या ट्रेलची, म्हणजे वाटेची, लांबी सुमारे २३ किलोमीटर. धरलेला वेळ साडेतीन तास, लागलेला आठ. तिघांचं मिळून पाणी ८.६ लिटर, आणि ते संपलं तेव्हा डांबरी रस्ता अजून आठ किलोमीटर लांब होता. फाटलेला टायर एक, पंक्चर झालेली ट्यूब एक, मोडलेली हाडं शून्य. बचाव पथकाला बोलवावं लागलं नाही, पण त्याचं श्रेय आमचं नाही. ते वाटेत जेवायला थांबलेल्या दोन जीपवाल्यांचं.

नंतर आम्ही तिघं यावर पुष्कळदा बोललो आणि बोलणं दरवेळी "टायर फाटला म्हणून" इथेच येऊन थांबायचं. मला ते पटत नाही. टायर फाटला ११.४० ला. हिशोब आदल्या रात्रीच चुकलेला होता.

आदला दिवस

तिघं म्हणजे मी, माझा धाकटा मामेभाऊ आणि त्याचा ऑफिसातला मित्र. मी डोंगरात सायकल चालवते त्याला सात वर्षं झाली, मामेभावाला पाच. मित्र आमच्यात सगळ्यात दमदार, पण वाळवंटात पहिल्यांदाच. जूनचा पहिला आठवडा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबला जायचा हा मोसमच नव्हे. तिथे जायचं ते वसंतात, नाहीतर सप्टेंबर संपता संपता. जूनमध्ये दुपारी पारा ३५ अंशांपर्यंत सहज जातो. आमच्या सुट्ट्या तेव्हाच जुळल्या, एवढंच कारण.

आदल्या दिवशी आम्ही स्लिकरॉक ट्रेल केला. १९६९ साली मोटरसायकलवाल्यांसाठी आखलेली ही वाट. उघड्या कातळावर पांढरे पट्टे मारलेत, ते धरून जायचं. नाव फसवं आहे. लोखंडी नाल मारलेले घोडे या कातळावर घसरायचे म्हणून तो 'स्लिक'. रबराचं नेमकं उलटं. टायर असा चिकटतो की भिंत वाटणारा चढ चढून गेल्यावर आपणच मागे वळून बघतो, खरंच इथून आलो का म्हणून. सुमारे १७ किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालो आणि साडेनऊला गाडीपाशी परत. प्रत्येकी दोन लिटर पाणी लागलं.

रात्री जेवताना मामेभावाने कागदी रुमालावर गणित मांडलं. "ताई, बघ. आज सतरा किलोमीटर, सगळा चढउतार, तीन तास. उद्या तेवीस, पण चढ फक्त पहिले सहा. पुढे सगळा उतारच. साडेतीन तास."

मी म्हटलं, "चार धर."

"बरं, पावणेचार."

रुमालावर मात्र साडेतीनच राहिलं आणि पाणीही त्या हिशोबाने भरलं गेलं. माझ्या आणि त्याच्या पाठपिशवीत तीन-तीन लिटर, मित्राच्या पिशवीत दोन आणि सायकलवर एक ६०० मिलीची बाटली. ताशी माणशी पाऊण लिटरच्या वर. कागदावर चांगलंच होतं.

खडक तोच नव्हता

दोन्ही ट्रेल एकाच सँड फ्लॅट्स रस्त्यावर आहेत आणि दुरून रंगही सारखाच वाटतो, त्यामुळे फसायला होतं. पण स्लिकरॉक नवाहो वालुकाश्मावर आहे. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या जशाच्या तशा दगड झाल्या, म्हणून तिथले उंचवटे गोल आणि सलग. चाक कुठेही अडत नाही. पॉर्क्युपाइन रिमची वाट बहुतेक त्याच्या खालच्या कायेंटा थरावरून जाते. तो वाऱ्याने नाही, नद्यांनी घातलेला: एक थर कठीण, एक मऊ, पुन्हा कठीण. मऊ झिजतो, कठीण थराचा काठ बाहेर येतो आणि पायरी तयार होते. घोट्याएवढी, गुडघ्याएवढी, मधेच मांडीएवढी, आणि कडा काटकोनात. त्याच्याही खाली विंगेट वालुकाश्माचे सरळसोट कडे. नावातली 'रिम' म्हणजे त्या कड्यांचा माथा.

म्हणजे "पुढे सगळा उतारच" हे खरं होतं. फक्त तो जिन्याचा उतार होता.

पायरी उतरायची रीत अवघड नसते. सीट खाली, दोन्ही पेडल आडवी, कोपर-गुडघे ढिले, ब्रेक मारायचा तो काठाच्या अलीकडे. काठावर बोट सोडायचं, वजन थोडं मागे. फार मागे गेलात तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळत नाही. एक पायरी मजेत जाते. दहा जातात. त्यानंतर मनगटापासून कोपरापर्यंत दगड होतो, ब्रेकवरचं बोट आपलं ऐकेनासं होतं, आणि जी पायरी सकाळी सहज मारली असती तिथे उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उतरणं, चालणं, पुन्हा बसणं. वेळ इथे जातो आणि नकाशावर तो कुठेच दिसत नाही.

सकाळ

सायकलींसकट वर सोडणारी शटलची व्हॅन पाऊण तास उशिरा आली. ट्रेलच्या तोंडाशी आम्ही ८.५० ला होतो, ठरवलं होतं आठ. तेव्हाच ऊन अंगाला टोचत होतं.

चढ जीपच्या रस्त्याने. तीनशे मीटरच्या आसपास उंची, पण खडकाळ, मधेमधे वाळूचे पट्टे. वाळूत हलका गिअर, वजन मागे, हँडल सरळ आणि पाय न थांबवता. मित्राने दोनदा वाळूतच हँडल वळवलं आणि दोन्ही वेळा आडवा झाला. हसलो. धरले होते पंचेचाळीस मिनिटं, लागला एक तास पंचवीस मिनिटं.

वर पोचल्यावर समोरचं दृश्य मी वर्णन करत बसत नाही, एवढंच सांगते की जमीन संपते. खाली कॅसल व्हॅली, मधोमध एकटा उभा कॅसलटन टॉवर, मागे ला साल डोंगर. त्यातलं सर्वांत उंच माउंट पील १२,७२१ फुटांचं, घळीत अजून बर्फ. वीस मिनिटं फोटोत गेली. निघालो तेव्हा १०.३५.

प्रकरणाचा खरा निर्णय या वीस मिनिटांत व्हायला हवा होता, आणि तो झालाच नाही. चुकीचा निर्णय घेतला असं नव्हे. निर्णय घ्यायचा आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तेव्हा हातात काय माहिती होती? चढाला धरलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला होता. नवखा भिडू दोनदा पडला होता. ऊन अजून चढायचं होतं. आणि इथून मागे फिरणं सोपं होतं: आलेल्याच वाटेने सहा किलोमीटर खाली, पुढे सँड फ्लॅट्स रस्ता बहुतेक उताराचा, थेट गावापर्यंत. इथून पुढे गेलं की प्रत्येक किलोमीटरला परत फिरणं महाग होत जातं, कारण उतरलेल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाला निघणाऱ्या ट्रेलचा हा सापळा असतो.

पाणी? कुणीच बघितलं नाही. बाटली डोळ्यांसमोर असते, पाठीवरची पिशवी नसते. नळी तोंडात धरली की पाणी येतं तोवर ते आहेच असं आपण धरून चालतो. नंतर हिशोब केला तेव्हा माझी तिथे सव्वा लिटरच्या आसपास संपली होती. मित्राने तर बाटली पूर्ण आणि पिशवीतलं अर्धं संपवलं असणार.

११.४०

साधारण अकराव्या किलोमीटरला मामेभावाचं मागचं चाक एका पायरीच्या काठावर आपटलं. आधी चाकाच्या धातूच्या रिमचा 'टण्' आवाज, मग फुसकन पांढरं सीलंट त्याच्या पोटरीवर. टायरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर.

इथे हवेची गोष्ट सांगायला हवी. स्लिकरॉकवर पकड हवी म्हणून त्याने मागच्या टायरची हवा १९ पीएसआयवर आणली होती. एरवी तो २५ ठेवतो. काल ती हवा मस्त चालली, कारण कालच्या खडकाला कडाच नव्हत्या. आज मऊ टायर काटकोनी काठावर दबला, रिम आणि दगडाच्या मधे सापडला आणि कापला गेला. रात्री पंप मारायला दोन मिनिटं लागली असती. म्हणजे टायरसुद्धा आदल्या दिवसाच्या हिशोबानेच फाटला.

सीलंट बारीक भोकं बुजवतं; एवढी चीर त्याला झेपत नाही. चिरेत कोंबायचे रबरी प्लग दोन घातले, दोन्ही हवा भरताच बाहेर आले. मग टायर काढला, चिरेवर आतून एनर्जी जेलचं रिकामं पाकीट दुमडून अस्तरासारखं लावलं, ट्यूब घातली. हातपंपाने तीनशे-साडेतीनशे हात. १२.२० ला निघालो आणि किलोमीटरभरातच टायर पुन्हा बसला.

ही चूक माझी. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्महिने काटे घुसून बसलेले असतात आणि सीलंट त्यांची भोकं गुपचूप बुजवत असतं, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. ट्यूब घातली की तेच काटे तिला टोचतात. मला हे ठाऊक होतं. घाईत, घामाने डोळे चुरचुरत असताना, केलं नाही. आतून दोन काटे निघाले, एक जेमतेम तांदळाच्या कणीएवढा. ठिगळ लावून निघेपर्यंत १.१० झाले.

या दोन्ही थांब्यांत एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली. वीसेक पावलांवर जुनिपरचं एक झाड होतं आणि त्याच्याखाली घोंगडीएवढी सावली. मामेभाऊ सायकल उचलून सरळ निघाला, तेव्हा मी ओरडले. मधली जमीन काळपट, फुगलेली, खडबडीत होती. ती जिवंत असते: सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी वाळू बांधून धरलेली साय. एक पाऊल पडलं तर ती भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं जातात, आणि ती गेली की वाळू उडायला मोकळी. कातळावरून वळसा घालून गेलो. सावलीसाठी तडफडत असताना तो वळसा घालताना मामेभावाने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पाणी

मित्राच्या नळीतून 'फुर्र' आवाज आला तो दुसऱ्या थांब्यावर. तो कुणाला बोलला नाही. संकोच वाटला म्हणे, आपल्यामुळे उशीर नको. मामेभावाचं पाणी पुढच्या अर्ध्या तासात गेलं, माझं शेवटचं आम्ही तिघांनी वाटून प्यायलो. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. तो बाहेर येता येताच उडून जातो, शर्ट कोरडा राहतो आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. आपण फार घामाघूम झालो नाही असं वाटतं आणि तासाला लिटरभर पाणी अंगातून गेलेलं असतं.

पावणेदोनच्या सुमारास मित्र सायकलवरून उतरला आणि खाली बसला. डोकं दुखतंय, मळमळतंय. हातावर काटा आलेला. ३५ अंशांत काटा. मी त्याला विचारलं, सकाळच्या व्हॅनचा रंग कोणता होता? त्याने वैतागून बरोबर सांगितलं. वैतागला याचं बरं वाटलं. उन्हाने नुसता थकवा आलेला माणूस आणि उष्माघाताकडे गेलेला माणूस यांतली रेघ बहुतेक वेळा डोक्याची असते: बोलणं असंबद्ध झालं, चालताना तोल जायला लागला, की मग थांबून बघायचं नसतं, अंग गार करायला लागायचं आणि मदत बोलवायची. आमच्या फोनला तिथे रेंज नव्हती. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

पुढच्या वळणावर दोन जीप उभ्या होत्या. एकीच्या बाजूला ताडपत्री ताणून चार माणसं जेवत होती. त्यांनी न विचारता चार लिटरचा कॅन पुढे केला. पहिलं पाणी पोटात नाही, मित्राच्या मानेवर आणि शर्टावर ओतलं. मग घोट घोट पाजलं, जोडीला खारे चिप्स. अर्ध्या तासात त्याचा काटा गेला, तासाभरात तो जीपच्या सस्पेन्शनबद्दल प्रश्न विचारायला लागला.

जीपवाले म्हणाले, याला आम्ही वरच्या रस्त्याने गावात सोडतो. तो म्हणाला नको, आता बरा आहे. मामेभाऊही म्हणाला, उतारच तर राहिलाय. मी गप्प बसले. सव्वातीनला आम्ही तिघंही सायकलवर निघालो.

आजही आमचं यावर एकमत नाही. मामेभावाचं म्हणणं, आपण नीट उतरलो म्हणजे निर्णय बरोबर होता. माझं म्हणणं, त्याला जीपमध्ये बसवायला हवं होतं. कारण पुढे होता तो ट्रेलचा सगळ्यात वाईट तुकडा. शेवटचे पाचेक किलोमीटर जीपचा रस्ता संपतो आणि एका सायकलीपुरता अरुंद सिंगलट्रॅक सुरू होतो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल खाली कोलोरॅडो नदी. तिथल्या पायऱ्या वरच्यांपेक्षा मोठ्या नाहीत, पण काही ठिकाणी पायरीवरून उतरल्या उतरल्या कड्याच्या बाजूने वळायचं असतं. दीड तासापूर्वी अंगावर काटा आलेल्या माणसाने करायचं ते काम नव्हे. मोआब ज्यात येतं त्या ग्रँड काउंटीचं बचाव पथक युटातल्या सर्वांत जास्त धावपळ असलेल्या पथकांपैकी एक आहे, आणि त्यात नवल काही नाही.

आम्ही बराचसा भाग चाललो. मित्र मधे, मी मागे. त्याचं पाऊल कुठे पडतंय यावरून नजर काढली नाही, त्यामुळे ज्या नदीच्या दृश्यासाठी लोक हा ट्रेल करतात ते मी त्या दिवशी पाहिलंच नाही. ४.५० ला हायवे १२८ च्या डांबरावर चाक लागलं.

रुमालावरचं गणित

८.६ लिटर भागिले तिघं, भागिले साडेतीन तास: माणशी ताशी ०.८ लिटर. तेच पाणी आठ तासांना: ०.३६. पाणी कमी घेतलं असं म्हणता येत नाही, तास कमी धरले. अंतरावरून वेळ काढला, आणि तोही वेगळ्या खडकावरच्या वेगाने. शेजारच्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानांत माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बाळगायला सांगतात. आम्ही ते वाचलं होतं. ते पूर्ण दिवस फिरणाऱ्यांसाठी, असं आमचं म्हणणं होतं. आम्ही तर दुपारच्या आत खाली असणार.

जास्त पाणी घ्यावं हे बोलायला सोपं. लिटरला एक किलो, आणि पाच किलो पाठीवर डचमळत असताना गुडघाभर पायरी मारणं वेगळंच प्रकरण होतं. वजन उशिरा येऊन मानेत बसतं. म्हणून पाणी वाढवण्याआधी निघायची वेळ अलीकडे आणणं जास्त स्वस्त पडतं. सातला निघालो असतो तर तोच फाटलेला टायर आम्ही साडेदहापर्यंत शिवला असता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघंच पुन्हा गेलो. निघायची वेळ ७.१५, स्वतःच्या दोन गाड्या, एक वर आणि एक खाली. पिशवीत तीन लिटर, चौकटीवर एक बाटली, मागच्या टायरला २६ पीएसआय. कड्यावर पोचलो की पिशव्या उघडून पाणी डोळ्यांनी बघायचं आणि धरलेल्या वेळेच्या दीडपट लागला असेल तर मागे फिरायचं, हे आधीच ठरवलेलं. चढाला एक तास दहा मिनिटं लागली, धरला होता सव्वा तास. खाली उतरलो चार तास चाळीस मिनिटांत, माझ्या पिशवीत सव्वा लिटर शिल्लक. नदी या वेळी पाहिली.

जेलचं पाकीट लावलेला तो टायर मामेभावाने गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. आणि ज्या पायरीवर तो फाटला, तिथे तो ऑक्टोबरमध्ये न थांबता गेला. मी उतरले आणि चालत गेले.